रेस अडली म्हणून लगेच पार्ट बदलू नका : इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमधील दोषाचे निदान

(कोरेगाव, जि. सातारा येथे शेतकऱ्यांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्येचा माणूस गाडीच्या रेसवर बोलायला उभा राहिला, याचे आपणांस नवल वाटेल. माझा विषय आले, ऊस आणि आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा. पण अलीकडे प्लॉट पाहायला गेलो की पिकाच्या प्रश्नाबरोबर दुसरा प्रश्न हमखास येतो. "सर, पिकअपचा पिवळा दिवा लागलाय, गाडी रेस घेत नाही, काय करावं?" माल शेतातून निघून बाजारात पोहोचेपर्यंत शेती पूर्ण होत नाही. म्हणून हा विषय शेतीबाहेरचा आहे असे मी मानत नाही. शिवाय या विषयात मी स्वतः एक चूक केली आहे. तिची किंमत आमच्या घराने मोजली. ती आपणांस मोजावी लागू नये, एवढाच आजचा हेतू.

आमच्या घरची गोष्ट

फेब्रुवारी २०२३ मधली ही घटना. आमच्या दादांनी आले काढले, धुऊन पोत्यांत भरले आणि पिकअपमध्ये घालून पुण्याच्या गुलटेकडी बाजारासाठी रात्री निघाले. आपल्याकडे आल्याचा भाव गाडीवर, म्हणजे ५०० किलोवर बोलतात. त्या हिशेबाने तीन गाड्यांचा माल होता. खंबाटकीच्या चढावर पिवळा दिवा लागला आणि इंजिन १२०० फेऱ्यांच्या आसपास अडकले. पॅडल तळाला टेकवले तरी फरक नाही. मागे ट्रकची रांग आणि भरलेली गाडी चढावर. दादांनी कशीबशी गाडी कडेला घेतली, चावी बंद केली. पाच मिनिटांनी पुन्हा चालू केली तर गाडी व्यवस्थित! पण पुढे दोनदा तेच झाले. सकाळचा बाजार हुकला आणि माल दुसऱ्या दिवशी पडत्या भावाने द्यावा लागला.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी २१३८. त्याचा अर्थ, ॲक्सिलरेटर पॅडलमधील दोन सेन्सरांचा मेळ बसत नाही. दादांनी मला फोन केला. मी म्हणालो, "कोड पॅडलचा आहे ना, मग पॅडलच बदला." घरातला शिकलेला माणूस सांगतो म्हणून त्यांनी मुकाट्याने पैसे मोजले. आठ दिवसांनी भरल्या गाडीसह पुन्हा तोच दिवा, तोच कोड.

शेवटी कोरेगावातल्या एका वयस्क वायरमनकडे गाडी नेली. त्यांनी स्कॅनर लावण्याआधी विचारले, "रात्री गाडी कुठं लावता?"

दादा म्हणाले, "गोठ्याशेजारी. तिथंच सोयाबीनची पोती हायेत."

"मग आधी उंदीर बघू."

डॅशबोर्डखाली पॅडलकडे जाणारी वायर उंदराने कुरतडलेली होती. एका सेन्सरच्या अर्थिंगच्या तारेचे दोन-चार धागे तेवढे शिल्लक होते. खड्ड्यात गाडी आदळली की तो जोड सैल पडायचा आणि कोड यायचा. तार जोडून, डाग देऊन, वर स्लीव्ह चढवली. एवढ्यावर दोष गेला. नवे पॅडल निष्कारण बसवले गेले होते.

हीच चूक मी पिकात करू देत नाही. आल्याची पाने पिवळी दिसली की बुरशीनाशक ओतू नका, असे मीच आपणांस सांगतो. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता असू शकते. जुनी पाने पिवळी पडत असतील तर नत्राकडे पाहावे. खालच्या पानांचे शेंडे पिवळे पडत आहेत आणि खोड ओढताच सहज निघून येते, तर ती कंदकूज. एकाच पिवळेपणाची तीन कारणे आणि तीन वेगळे उपाय. गाडीचा पिवळा दिवाही तसाच आहे. तो लक्षण दाखवतो, कारण आपल्याला शोधावे लागते.

ही यंत्रणा चालते कशी?

पूर्वी पॅडलपासून इंजिनपर्यंत तारेची केबल असे. पेट्रोल गाडीत ती हवेची झडप उघडे, डिझेल गाडीत पंपाचा दांडा ओढे. केबल तुटली, अडकली तर डोळ्यांना दिसे. आता बहुतेक नव्या गाड्यांत ही केबल नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली. धुरावर इतके काटेकोर नियंत्रण ठेवायचे तर इंधन आणि हवा यांचे माप संगणकाकडे द्यावे लागते. या संगणकाला ईसीयू म्हणतात.

यात मुख्य तीन भाग आहेत.

१) पॅडल सेन्सर : पॅडल किती दाबले ते हा विजेच्या दाबाने कळवतो. याला ईसीयूकडून ५ व्होल्ट मिळतात. सुरक्षेसाठी आत एक नव्हे, दोन सेन्सर असतात. पुष्कळ गाड्यांत एकाचे माप दुसऱ्याच्या दुप्पट असते. उदाहरणार्थ, पाय वर असताना एक सुमारे ०.७५ व्होल्ट तर दुसरा सुमारे ०.३७ व्होल्ट.

२) ईसीयू : दोन्ही सेन्सर ताडून पाहतो. दोन साक्षीदारांची साक्ष जुळली तरच पुढचा हुकूम देतो.

३) थ्रॉटल बॉडी : पेट्रोल व सीएनजी गाडीत यात हवेची झडप, ती फिरवणारी छोटी मोटर, दातेरी चाके, स्प्रिंग आणि झडपेची जागा सांगणारे आणखी दोन सेन्सर असतात. अनेक गाड्यांत यातील एकाचे व्होल्टेज वाढते तेव्हा दुसऱ्याचे घटते आणि दोहोंची बेरीज साधारण ५ व्होल्ट राहते.

साक्ष जुळली नाही की ईसीयू धोका पत्करत नाही. तो मोटरचा पुरवठा तोडतो किंवा ताकद मर्यादित करतो. स्प्रिंगमुळे झडप थोडीशी उघडी राहते, इंजिन जेमतेम चालते आणि गाडी हळूहळू कडेला नेता येते. गाडी 'मेली' असे आपण म्हणतो, पण ती खरे तर आपल्याला वाचवत असते. रेस न मिळण्यापेक्षा रेस न सुटणे अधिक घातक.

आधी ओळखा : पेट्रोल की डिझेल?

डिझेल इंजिनाची ताकद इंधनाच्या मापावर ठरते, हवेच्या झडपेवर नव्हे. बीएस-६ डिझेल गाडीतही थ्रॉटल झडप आढळते, पण तिचे काम धूर-नियंत्रणाला मदत करणे आणि इंजिन बंद करताना धक्का कमी करणे हे असते. म्हणून डिझेल पिकअपने रेस घेतली नाही तर प्रथम पॅडल सेन्सर आणि त्याची वायरिंग पाहावी. पेट्रोल-सीएनजी गाडीत पॅडल आणि थ्रॉटल बॉडी दोन्ही पाहावे लागतात.

आणखी एक सावधगिरी. 'रेस घेत नाही' म्हणजे दर वेळी थ्रॉटलचाच दोष असे नाही. तुंबलेला डिझेल फिल्टर, टर्बोचा निसटलेला पाइप, काजळीने भरलेला धूर-फिल्टर यांनीही ताकद कमी होते. फरक असा, की टर्बोचा पाइप निसटला तरी उभ्या गाडीत पॅडल दाबल्यावर बहुधा इंजिनाचा आवाज वाढतो. पॅडलचा संकेतच पोहोचत नसेल तर आवाज वाढतच नाही.

निदानाच्या सहा पायऱ्या

पायरी १ : विचारा आणि लिहून ठेवा. दोष केव्हा आला? गाडी थंड असताना की तापल्यावर? खड्ड्यात की चढावर? पाऊस झाल्यावर किंवा गाडी धुतल्यावर? बॅटरी काढल्यावर? कोणता दिवा लागला? चावी बंद करून चालू केल्यावर दोष गेला का? चावीने दोष जातो आणि खड्ड्यात परत येतो, तर संशय प्रथम सैल जोडावर घ्यावा. आमच्या गाडीने हे स्पष्ट सांगितले होते, ऐकणारा कोणी नव्हता.

पायरी २ : डोळ्यांनी पाहा. याला पैसा लागत नाही.
– पॅडलखाली रबरी मॅट, चिखल किंवा बाटली अडकली आहे काय?
– बॅटरीचे टर्मिनल सैल किंवा पांढरे-हिरवे झाले आहेत काय?
– इंजिन व चॅसी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली आहे काय?
– फ्यूज जळाला किंवा सैल आहे काय?
– वायर कुरतडली, घासली किंवा गरम पाइपला टेकली आहे काय?
– कनेक्टर उघडल्यावर पिनांवर पाणी, हिरवट थर किंवा वाकलेली पिन दिसते काय?

मॅट ही बाब क्षुल्लक समजू नका. २००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटा कंपनीने लाखो मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. पॅडल मॅटमध्ये अडकणे आणि पॅडलच चिकटणे ही त्यामागची दोन कारणे होती. तेथील सरकारने पुढे 'नासा'च्या अभियंत्यांकडून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तपासून घेतली. फेब्रुवारी २०११ मधील अहवालानुसार मोटारी बेफाम धावण्यास कारण ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना आढळला नाही. त्यानंतरही सॉफ्टवेअरवरून न्यायालयात वाद झाले. परंतु पायाखाली पाहायला विसरू नये, हा धडा कायम राहिला.

पायरी ३ : बॅटरीचा दाब मोजा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असावेत. काही नव्या गाड्यांत चार्जिंगही ईसीयू ठरवतो, तेथे हा आकडा थोडा बदलतो. दाब कमी असेल तर एकाच वेळी चार-पाच असंबद्ध कोड येतात. अशा वेळी आधी बॅटरी आणि अर्थिंग सुधारा, मग कोडचा विचार करा.

पायरी ४ : कोड वाचा, पण पुसण्यापूर्वी लिहून ठेवा. स्टिअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट असतो, त्याला स्कॅनर जोडतात. नेहमी येणारे कोड असे :
– पी २१३८ : पॅडलच्या दोन सेन्सरांचा मेळ नाही.
– पी २१३५ : थ्रॉटल बॉडीच्या दोन सेन्सरांचा मेळ नाही.
– पी २१११ आणि पी २११२ : झडप उघडी अडकली किंवा बंद अडकली.
– पी २१०१ : झडपेच्या मोटरचे मंडळ हुकमाप्रमाणे चालत नाही.
– पी ०६४१ : सेन्सरांना जाणाऱ्या ५ व्होल्ट पुरवठ्यात दोष.

हे नीट लक्षात घ्या : कोड कोणत्या मंडळात दोष आहे ते सांगतो, कोणता पार्ट बदलावा ते सांगत नाही. त्या मंडळात सेन्सर आहे, वायर आहे, कनेक्टर आहे, अर्थिंग आहे आणि ईसीयूही आहे. मी नेमका येथे चुकलो. शिवाय ५ व्होल्टचा एकच पुरवठा अनेक सेन्सरांना जात असेल, तर भलत्याच सेन्सरमधील शॉर्टमुळे पॅडलचा कोड येऊ शकतो.

पायरी ५ : चालू आकडे पाहा. चावी चालू, इंजिन बंद. स्कॅनरवर पॅडलचे आकडे लावा आणि पॅडल अगदी सावकाश तळापर्यंत दाबा, सावकाश सोडा. दोन्ही सेन्सरांचे आकडे सलग चढले-उतरले पाहिजेत. मध्येच उडी मारली, शून्य झाले किंवा अडकले, तर ती जागा लक्षात ठेवा. आता एकाने पडद्यावर लक्ष ठेवावे आणि दुसऱ्याने वायरचा जुडगा हलक्या हाताने हलवावा. पॅडल स्थिर असताना वायर हलवल्यावर आकडा हलला, तर दोष वायरीत किंवा कनेक्टरमध्ये आहे. पेट्रोल गाडीत ईसीयूने मागितलेली झडपेची जागा आणि प्रत्यक्ष जागा हे दोन आकडेही ताडून पाहावेत. ते बरोबरीने चालले पाहिजेत.

पायरी ६ : मीटरने खात्री करा. डिजिटल मल्टिमीटरच घ्या, बल्बचा टेस्टर लावू नका. त्याने ईसीयूचे नुकसान होऊ शकते. चावी चालू ठेवून सेन्सरच्या कनेक्टरवर तीन गोष्टी मोजा.
(अ) पुरवठा : सुमारे ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत.
(ब) अर्थिंग : कनेक्टर जोडलेला ठेवून, मागच्या बाजूने, अर्थिंगची पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये मोजा. आकडा शून्याच्या जवळ हवा, ०.१ व्होल्टच्या वर गेला तर संशय घ्या. आमच्या गाडीत वायर हलवताच तो अर्ध्या व्होल्टवर गेला होता.
(क) संकेत : पॅडलबरोबर सलग वाढला पाहिजे.
पुरवठा आणि अर्थिंग ठीक आहेत, पण कनेक्टरवरच संकेत तुटतो, तर सेन्सर खराब. कनेक्टरवर संकेत चांगला आहे, पण स्कॅनरवर तुटतो, तर मधली वायर पाहा. या सगळ्यातून पार झाल्यावरच पार्ट बदलण्याचा निर्णय घ्यावा. ईसीयूवर संशय सर्वांत शेवटी. पिनांची जागा आणि नेमके आकडे गाडीगणिक बदलतात, म्हणून त्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका पाहावी.

थ्रॉटल बॉडी साफ करताना

पेट्रोल-सीएनजी गाडीत झडपेच्या कडेला काजळी साचते. मग आयडलिंग वरखाली होते किंवा सिग्नलला गाडी बंद पडते. साफसफाई उपयोगी आहे, पण पुढील नियम पाळा.

चावी चालू असताना झडपेत बोट घालू नका. मोटर अचानक फिरली तर बोट जायबंदी होते. बॅटरीची तार काढूनच हात लावा. झडप जोराने ढकलू नका, आतील प्लास्टिकचे दाते तुटतात. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा, थेट सेन्सर आणि मोटरच्या बाजूला फवारू नका. सॅंडपेपर लावू नका. साफ केल्यावर किंवा नवी बॉडी बसवल्यावर बऱ्याच गाड्यांत ईसीयूला झडपेची नवी जागा 'शिकवावी' लागते. ते न केल्यास आयडलिंग बिघडते आणि चांगला पार्ट खराब ठरतो.

वाटेत दोष आला तर

रेस मिळेनाशी झाली : घाबरू नका. चारही इंडिकेटर लावा, खालच्या गिअरमध्ये गाडी डावीकडे घ्या, चाकाला दगड लावा. गाडी उभी असताना चावी बंद करून थोड्या वेळाने चालू करा. दोष गेला तरी पुढच्या घाटावर भरवसा ठेवू नका. मालाची दुसरी सोय करा किंवा सपाट रस्त्याने जवळच्या गॅरेजला जा.

रेस सुटेनाशी झाली : ब्रेक एकदाच ठामपणे दाबून धरा. पुन्हा पुन्हा सोडून दाबू नका, त्याने ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत संपते. क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा. इंजिन ओरडले तरी ओरडू द्या. गाडी थांबल्यावर इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

एक कळकळीची सूचना. दिवा दिसू नये म्हणून बल्ब काढणे, दोन सेन्सरांच्या तारा एकत्र जोडणे, असले 'जुगाड' कोणी सुचवले तर गाडी तेथून काढून घ्या. दोन साक्षीदारांपैकी एकाचे तोंड बंद करण्यासारखे ते आहे. उद्या दुसरा खोटे बोलला तर ते ओळखायला कोणी उरत नाही. आणि त्या गाडीत आपलाच मुलगा बसलेला असतो.

ट्रॅक्टरबद्दल थोडे

५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम स्टेज-४ ही धुराची मानके लागू झाली. त्यामुळे या गटात कॉमन रेल इंजिने आली आणि पायाच्या व हाताच्या ॲक्सिलरेटरलाही सेन्सर येऊ लागले. आपल्याकडील पुष्कळ लहान व जुन्या ट्रॅक्टरांत अजून दांडा किंवा केबलच आहे. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी विक्रेत्याला विचारावे : स्कॅनर जवळ कोठे आहे? सेन्सरला वॉरंटी किती? दोष आल्यावर ट्रॅक्टर किती फेऱ्यांवर चालेल? चिखलणी व फवारणीनंतर ट्रॅक्टर धुताना कनेक्टरवर जोराचा फवारा मारू नये. वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीच्या तारा काढाव्यात आणि पुस्तिकेत सांगितले असल्यास ईसीयूचा कनेक्टरही सोडवावा.

शेवटी

रोग झाल्यावर औषध शोधण्यापेक्षा तो टाळणे स्वस्त पडते. गाडी धान्याच्या पोत्यांजवळ लावू नका. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून उंदराची लेंडी, घरट्याचे काडीकचरे दिसतात का पाहा. ओला माल भरल्यावर केबिनमधील पाणी पुसा. मालाच्या हंगामापूर्वी बॅटरी, अर्थिंग आणि कनेक्टर तपासून घ्या.

आपल्या गटाने एक चांगला मल्टिमीटर आणि एक स्कॅनर सामाईक घ्यावा. गावातील एक-दोन तरुणांनी तो वापरायला शिकावे. फवारणीची नोंद आपण ठेवतो, तशीच गाडीचीही एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, कोणता दिवा, कोणता कोड, काय केले आणि फरक पडला का, एवढे लिहिले तरी पुरे. गॅरेजमध्ये गेल्यावर "पार्ट बदला" असे सांगू नका, "काय मोजले, किती आले?" असे विचारा. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही, उलट आनंदाने दाखवतो.

आमच्या दादांनी काढून ठेवलेले ते जुने पॅडल आजही घरातल्या फळीवर आहे. ते चांगले आहे. मी सुट्टीला घरी गेलो की ते नजरेस पडते, आणि कोणी पिवळे पान घेऊन आले की मी उत्तर देण्याआधी दोन प्रश्न जास्त विचारतो. आपणही विचारावेत, ही विनंती.